गोजरची पात

दुसरबीड,
१२ नोव्हेंबर २०१७

पुष्पे,

पत्राच्या डोक्यावर देवाचं नाव घालावं लागते असं मलिहा म्हणते. म्या म्हटलं, तुह्या मनात जो असन त्याचं घाल, त्याले वाचता येतेच. मलिहा म्हणजे आपल्या भिंतीपलीकडच्या रहेमतुल्लाची नवी सून. बारावी शिकलेली हाय. तिचं अक्षर चांगलं हाय असं तीच म्हणते. मले सारी अक्षरं मुंगळ्यासारखी दिसतात. मी बोलते, ती लिहिते. फोनवर मले आता धड ऐकू येत नाही, अन तू 'हो आजी, हो आजी' करून ठेवून देते. पत्राले तसं करता येत नाही.

तर मुद्दा असा. दिवाळीत तू आली, चकल्या खाल्ल्या, अन सारा वेळ गोठ्यामागं मोबाइलात डोकं घालून बसली. पाडव्याच्या दिवशी तुह्या बापानं आपल्या कानानं ऐकलं. तू मोबाइलावर ओरडली, "प्रेम, जानेवारीत दाखवते तुले!" अन मंग रडली. तवापासून इंद्रभान जेवताना ताटातून वर पाहत नाही. त्याले वाटते, पोट्टीनं अकोल्यात शिक्षण सोडून दुसरंच काही मांडलं. म्या त्याले समजावलं, ज्याच्यावर जीव असते त्याले कोणी 'दाखवते' म्हणत नाही. तसं लग्नानंतर म्हणतात.

पण मले खरं सांग. हा प्रेम कोण? कोणाचा? अन जानेवारीत काय दाखवणार हाय तू त्याले? लवकर लिही, तुह्या बापाच्या डोक्यात मांडव पडायच्या आधी.

तुही आजी,
गोजरबाई

(अंगठा आजींचाच आहे. शाई सापडली नाही म्हणून तव्याची काजळी लावली. — मलिहा)


अकोला,
१८ नोव्हेंबर २०१७

प्रिय आजी,

सगळ्यात आधी बाबांना सांग, पोटभर जेवा. प्रेम माझ्या वर्गात आहे, धामणगाव बढेचा. मला तो आवडत नाही. तो माझा वैरी आहे.

मोबाइलवर एक खेळ आहे. त्यात रानावनात राक्षस सापडतात. कोणी जनावरासारखा, कोणी झाडासारखा, कोणी नुसता धोंडा. ते पकडायचे, वाढवायचे, त्यांना डाव शिकवायचे, नावं ठेवायची आणि दुसऱ्याच्या राक्षसांशी झुंजवायचे. प्रत्येकाचा गुण वेगळा. आगीचा, पाण्याचा, पाल्याचा, दगडाचा. पाणी आगीला विझवतं, आग पाल्याला जाळते, पाला पाणी पिऊन टाकतो.

प्रत्येकाने सहा जणांची टोळी करायची. समोरच्याला आपले सहाही दिसतात, आपल्याला त्याचे. मग त्यातले चार निवडायचे आणि एकेक करून मैदानात सोडायचे. मधेच एकाला मागे बोलावून दुसरा सोडता येतो. ज्याचे चारही आधी पडले तो हरला.

प्रेमशी मी आजवर एकदाही जिंकले नाही. माझे सहाही आगीचे आहेत, एकाहून एक तिखट. त्याच्याकडे पाण्याची एक मगर आहे. तिचं नाव त्याने 'टँकर' ठेवलंय, कारण उन्हाळ्यात त्यांच्या गावात त्याच्याहून मोठं कोणी नसतं म्हणे. टँकर आला की माझे सगळे विझतात. वर्गातली पोरं मला आता 'चूल' म्हणतात.

२० जानेवारीला कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आमची झुंज आहे, सगळ्यांसमोर, मोठ्या पडद्यावर. एक पैजही लागली आहे. लहानशीच आहे, तिचं सोड.

तू बायांची टोळी बांधतेस, मी राक्षसांची. हसू नकोस.

तुझी,
पुष्पा


दुसरबीड,
२६ नोव्हेंबर २०१७

पुष्पे,

हसली. मलिहाले लिहिणं थांबवा लागलं इतकी हसली. मंग तुह्या बापाले पत्र वाचून दाखवलं. सारं ऐकून तो म्हणे, "म्हणजे लग्नाचं काही नाही ना?" अन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. घरात राक्षस आल्याचा असा आनंद कोणाले झाला नसन.

आता तुह्या टोळीचं. सहाही आगीचे? इंद्रभानची पोट्टी शोभते बरं तू. बापानंही तेच केलं. साऱ्या गावानं केलं. बीटीच्या थैलीत एक लहानी पुडी यायची, साध्या सरकीची. वावराच्या कडेनं, धुऱ्यावर लावा म्हणून. अळीले तिकडं खाऊ द्या, म्हणजे ती बीटी पचवाले शिकत नाही. कोणी लावली? तुह्या बापानं पुडी उकिरड्यावर फेकली. "धुऱ्याले कमी माल कशाले पिकवायचा?" साऱ्या शिवारात एकच तिखट बियाणं. अन आता ती गुलाबी अळी बोंडात अशी बसली हाय जसा मुक्कामाले आलेला पाहुणा, उठाचं नाव घेत नाही. एकाचा तोड सापडला की साऱ्याईचा सापडते, बाई. तुह्या टँकरले काही डोकं लावाच लागत नाही.

मी वेचणीची टोळी कशी बांधते ते तुले माहीत हाय, पण मले सांगायले आवडते. नवी मुकादमीण असली की ती साऱ्या विमलबाईसारख्या बाया जमवते. विमलबाई दोन्ही हातानं वेचते, ओटी भरली की पळतच गाठोड्याकडं जाते. पण साऱ्या तशाच घेतल्या तर मागं पऱ्हाटीच्या झाडावर अर्धा कापूस तसाच, मालात काडीकचरा, अन साऱ्या एकाच वेळी थकतात, एकाच वेळी भांडतात. म्हणून विमलबाई मी एकच घेते. तिच्यासंगं सरस्वतीबाई लागते. ती गोगलगायीसारखी चालते, पण बोंडात धागा ठेवत नाही. यंदा अळीनं बोंडं धड उकललीच नाही, साऱ्याची कवडी झाली. नखानं उकरून काढा लागते. ते काम सरस्वतीबाईचं, विमलबाईचं नाही. मंग एक पाणी पाजणारी लागते. एक वजनाच्या काट्यापाशी उभी राहून मालकाच्या डोळ्यात पाहणारी लागते. एक नुसती बोलणारीबी लागते, तिच्या गोष्टीच्या नादात बाया कापसाच्या ओळीची आणखी एक पात काढतात.

तर आगीची एक ठेव, बाकीच्याईले घरी बसव. मार खाणारा एक पाहा. पाणी पाजणारा एक पाहा. दुसऱ्याच्या वाटेत काटे टाकणारा एक पाहा. असते का तुह्या खेळात असा कोणी? नसन तर मले बोलव, मी येते.

अन पैज कोणती ते तू लिहिलं नाही. लहानशी असती तर तू तिचं नावबी काढलं नसतं.

तुही आजी,
गोजरबाई


अकोला,
९ डिसेंबर २०१७

आजी,

काटे टाकणारा असतो! खरंच असतो. मी सगळी टोळी मोडून नवी बांधली. ऐक.

कुपाटी: पाल्याची, अंगभर काटे. ती मैदानात काटे पसरून ठेवते, मग समोरून जो नवा येईल त्याच्या पायात ते रुततात. ढेकूळ: नुसता मातीचा गोळा, हल्ला करायला मंद, पण कितीही मार, फुटत नाही. पाझर: पाण्याची, ती आपल्यातल्या जखमींना बरं करते. बिजली: नावासारखीच. भोंगा: त्याच्या आवाजाने समोरचा गोंधळतो आणि चुकीचा डाव टाकतो. आणि एक माझी जुनी, आगीची.

माझ्या खोलीत अलफिया म्हणून मुलगी राहते, तिला हरवलं. हॉस्टेलमधल्या सगळ्यांना हरवलं. मग काल कँटीनमध्ये प्रेमशी सरावाची झुंज घेतली.

हरले. आधीसारखी नाही, पण हरले. टँकर आला आणि सगळं विस्कटलं. पोरं टेबलं वाजवून 'चूल, चूल' करत होती.

तुला वाईट वाटेल म्हणून लिहिणार नव्हते, पण लिहिते. टोळी तुझ्या सांगण्यावरून बांधली, आणि हार माझी झाली. मला वाटतं बाया आणि राक्षस यांत फरक असतो.

पुष्पा


दुसरबीड,
१५ डिसेंबर २०१७

पुष्पे,

फरक असते. राक्षसाले चहा लागत नाही.

मले कशाचं वाईट वाटते? तू शेण थापताना हात भरले तरी आजीनं सांगतलं म्हणून थापलं म्हणायची. ते असू दे. मलिहानं तिच्या मोबाइलात तो खेळ उतरवून घेतला. तिचा नवरा मोईज रात्रपाळीले गेला की आम्ही दोघी दुपारी भिंतीच्या सावलीत बसून त्याचा चार्जर वापरतो... (आजी, दुपारी बसतो तर रात्रपाळीचा काय संबंध? — मलिहा) संबंध असा की दुपारी तो झोपलेला असते. लिही तू.

तर म्या पाहिलं. एक जण बाहेर येते, मार खाते. खेळणाऱ्याचा जीव कळवळते अन तो त्याले मागं बोलावते. मागं बोलावलं की ती पाळी फुकट जाते. अन जो नवा येते तो आयताच एक तडाखा खाते. म्हणजे एकीचा काटा काढता काढता दुसरीचा पाय मोडायचा. हे म्या पाहिलं, अन मंग तुहं पत्र पुन्हा वाचाले लावलं.

तू पाच जणाईची नावं लिहिली, त्याईचे गुण लिहिले. सहावीचं नाव लिहिलं नाही. 'एक माझी जुनी, आगीची.' जुनीले नाव नसते का? पहिल्या पातीले कोण उभं होतं तेबी नाही लिहिलं. मागं कोणाले बोलावत होती तेबी नाही. अन पैज. ते तर तू दुसऱ्यांदा खाल्लं.

माही टोळी कशी हरली ते मले समजलं पाहिजे. सरळ लिही, नाहीतर मी अकोल्याच्या गाडीत बसते अन तुह्या कँटीनात येऊन विचारते. विमलबाईले संगं आणते.

आपल्या वावरातली पऱ्हाटी तुह्या बापानं परवा उपटली. तू मनाले लावून घेऊ नको. विहिरीले पाणी हाय तवर हरभरा होते. टोळीबी रिकामी बसली नाही. कापूस सरला त्या वावरात आम्ही तुरी सोंगून राह्यलो. ज्या मुकादमिणीकडं नुसत्या वेचणाऱ्या होत्या, त्या घरी बसल्या.

गोजरबाई


अकोला,
२३ डिसेंबर २०१७

आजी,

सहावीचं नाव गोजर आहे.

हे मी तुला कधी सांगणार नव्हते, कारण आबांनी सांगू नको म्हटलं होतं.

त्या पावसाळ्यात आबा खाटेला खिळले होते आणि मी शाळेतून आले की त्यांच्याजवळ बसायचे, आठवतं? तेव्हा हा खेळ मी नुकताच घेतला होता. त्यात मला सापडलेली पहिली राक्षसीण तीच. रानातल्या रोह्यासारखी, नीलगायीसारखी दिसते, निळसर अंग, उंच पाय, आणि मानेवर केसांच्या जागी जाळ. आबांनी विचारलं, नाव काय ठेवतेस? मी म्हटलं, तुम्हीच ठेवा. त्यांनी दाराबाहेर पाहिलं. तू अंगणात तूर पाखडत होतीस. मग हळूच म्हणाले, "गोजर ठेव." आणि लगेच, "तुह्या आजीले सांगू नको. भाव खाईन."

मग रोज आम्ही दोघं खेळायचो. पहिली बाहेर कोण काढायची हे ठरलेलंच असायचं. "गोजर काढ, तिच्यापुढं कोण टिकते?" आणि तिला जरा लागलं की ते उठून बसायचे. "मागं घे, मागं घे तिले." आबा गेले तरी मी तसंच करते. पहिली गोजर. लागलं की मागे. तू बरोबर ओळखलंस.

आता पैज. जो हरेल त्याने जिंकणाऱ्याला तो मागेल तो राक्षस कायमचा द्यायचा. वर्गात सगळे 'चूल, चूल' करत होते, माझं डोकं फिरलं आणि मी 'मंजूर' म्हणून बसले. प्रेमला आबांचं काही माहीत नाही. त्याला एवढंच दिसतं की माझ्याकडे सगळ्यात जास्त वाढलेली तीच आहे. त्याने आधीच सांगून ठेवलंय, "मला गोजर पाहिजे."

आजी, मी काय करू? त्याला जाऊन विनवणी करू का?

पुष्पा


दुसरबीड,
१० जानेवारी २०१८

पुष्पांजली, मी मलिहा. तुझं पत्र आलं त्याच दिवशी आजींना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, आता वाचू नको. त्यानंतर रोज संध्याकाळी मी कागद घेऊन जायचे आणि त्या म्हणायच्या, उद्या. तू वाट पाहत असशील म्हणून आधी हे लिहिलं. आता त्या बोलतायत.

पुष्पे,

साऱ्या संसारात आम्ही एकमेकाचं नाव घेतलं नाही. मी त्याईचं घ्यायचं नाही हा तर रिवाजच हाय. पण त्याईनंबी माहं घेतलं नाही. 'अवो', 'ऐकून राह्यली का', नाहीतर नुसतं खाकरायचं. नाव ठेवलं त्याईनंच, लग्नात, अन ठेवून दिलं, जसं सणासुदीले काढायचं पितळी ताट.

त्या पावसाळ्यात मी अंगणातून सारं ऐकत होती. "गोजर, मार त्याले! गोजर, हट मागं!" मी हातातलं सूप टाकून धावत यायची. तर बुढा डोळे मिटून घोरून राह्यला, अन तू पुस्तक उलटं धरून बसलेली. मले वाटलं, ताप डोक्यात चढला. डॉक्टरले सांगतलं म्या, "साहेब, माणूस बायकोचं नाव घ्याले लागला, आता काही खरं नाही." डॉक्टरनं गोळी बदलून देली.

म्हणजे महिनाभर माहं नाव घेऊ घेऊ मले लढवलं, अन मलेच पत्ता नाही.

बरं. रडणं झालं. मलिहाचं म्हणते मी. आता कामाचं ऐक.

तू मले पणाले लावलं ते लावलं. प्रेमपुढं हात जोडायचे नाही. साऱ्या वर्गासमोर शब्द देला, साऱ्या वर्गासमोर झुंजायचं. पण एक सांगते, तुह्या आबाले झुंजीतलं काही समजत नव्हतं. वावरात म्या कधी पहिली पात धरली का? पाहिलं का तू मले कधी पुढं? पुढं दुसऱ्या जातात. मुकादमीण शेवटच्या पातीले असते. साऱ्याईच्या मागून चालते, कोणाचं काय सुटलं ते पाहत. दुपार कलली, साऱ्या वाकल्या की माही पाठ ताठ असते, कारण ती म्या सकाळी मोडली नाही. मंग उरलेलं वावर मी काढते. पहिल्या पातीले उभं केलं त्याले तुहे आबा मान समजले. तो मान नाही, हौस हाय.

प्रेमबी हेच धरून बसला असन. गोजर पहिली येणार, टँकर घेऊन उभं राहायचं, बस. त्याले राहू दे उभं. तू कुपाटी सोड.

गोजर शेवटी. अन ती एकदा बाहेर आली की तिले मागं घ्यायचं नाही. जीव लावू लावू तुम्ही दोघाईनं तिले हरवलं. मार बसन तर बसू दे. माह्या अंगावर आजवर कमी पडलं का? एकदा पाऊस, एकदा अळी, एकदा तुहे आबा. बसली का मी खाली?

पण दुसऱ्याच्या घरी मी जाणार नाही, हेबी ध्यानात ठेव. या वयात धामणगावचं पाणी मले मानवणार नाही.

गोजरबाई


अकोला,
२१ जानेवारी २०१८

आजी,

सगळं सांगते, पहिल्यापासून. बायांना वाचून दाखवणार असशील तर सगळ्या बसल्यावर सुरू कर.

मंडपात सगळं कॉलेज होतं. पडद्यावर दोघांच्या टोळ्या दिसल्या. प्रेमने माझे सहा पाहिले आणि त्याची नजर गोजरवर थांबली. तो हसला. घंटा झाली. त्याने टँकर सोडला, तू म्हटलीस तसाच. मी कुपाटी सोडली.

त्याचं हसू गेलं. पाण्यासमोर पाला! मागे 'चूल' म्हणायला लागलेली पोरं मधेच थांबली. कुपाटीने आधी मैदानभर काटे पसरले आणि मग टँकरचं पाणी शोषायला लागली. प्रेम घाबरला. टँकर त्याचा लाडका. त्याने त्याला मागे बोलावलं आणि दगडाचा एक सोडला. त्याच्या पायात काटे. तोही लंगडायला लागला, म्हणून तिसरं, एक पाखरू, सोडलं. त्याच्याही पायात काटे. मी जे करायचे तेच तो करत होता, आजी. मला अलीकडून बघताना कसंतरीच वाटलं.

शेवटी त्याच्या पाखराने कुपाटीला पाडलं. मग ढेकूळ. ढेकळाने मार खाल्ला, खाल्ला आणि खातच राहिला, मधेमधे एकेक धीमा तडाखा देत. मधे पाझर यायची, त्याला बरं करून परत जायची. अलफिया ओरडत होती, "फुटू नको बे!" ढेकूळ पडला तेव्हा प्रेमचं पाखरू आणि दगड दोन्ही संपले होते. माझ्याकडे गोजर आणि जखमी पाझर. त्याच्याकडे एक पाल्याचा नाग आणि टँकर.

तेव्हा मी गोजर सोडली. ताजीतवानी, अंगावर ओरखडा नाही.

नागाने येताच तिला विळखा घातला आणि तिचा अर्धा जीव गेला. पण दुसऱ्या पाळीला तिने त्याला जाळलं. मग टँकर आला. काट्यांवर पाय पडला आणि त्याचा जीव चिमूटभर उरला. पण पाण्याच्या एका फटकाऱ्यात गोजर विझली असती. आधी कोणाचा वार लागेल ते मला माहीत नव्हतं. माझा अंगठा आपोआप 'मागे घ्या' वर गेला. पाझर पुढे केली तर गोजर वाचेल. मग मी अंगठा उचलला.

आणि मंडपात सगळ्यांच्या देखत ओरडले, "गोजर, मार त्याले!"

तिचा वार आधी लागला. टँकर पडला.

काय झालं मला नीट आठवत नाही. अलफिया माझ्या पाठीवर चढली होती. थोड्या वेळाने प्रेम आला. म्हणाला, "बोल, कोणता पाहिजे?" टँकर बाहेर काढूनच आला होता, पण त्याच्याकडे बघत नव्हता. मग म्हणाला, "यातला नको असेल तर टँकरचं एक अंडं आहे, अजून फुटलेलं नाही. काय निघेल सांगता येत नाही." मी म्हटलं, आजीला विचारून सांगते. तो म्हणाला, "तुझी आजी खेळते?" मी म्हटलं, "आमच्याकडे तीच मुकादमीण आहे."

मला वाटतं काहीच घेऊ नये. गोजर राहिली, बास झालं. सोडून देऊ ना?

पुष्पा


दुसरबीड,
३० जानेवारी २०१८

पुष्पे,

सोडून देऊ? काऊन? तू हरली असती तर त्यानं मले सोडलं असतं का?

पत्र तुरीच्या खळ्यावर वाचलं. साऱ्या बसल्यावरच सुरू केलं. टँकर पडला तशी विमलबाई अशी ओरडली की बैल खुंटा उपटून निघाला. सरस्वतीबाईनं एवढंच विचारलं, त्या ढेकळाले मंग कोणी पाणी पाजलं का? तिले उत्तर लिही. ती रोज विचारून राह्यली.

तुहा बाप काल म्हणे, "माय, मृगात काय पेरू?" आजवर त्यानं मले कधी विचारलं नव्हतं. म्या म्हटलं, "कापूस लाव, पण कापसाच्या सहा ओळीले दोन तास तुरीचे घाल, धुऱ्यानं ज्वारी, अन ते नाही पटलं तर पुष्पीले विचार, ती जिंकून राह्यली." त्यानं मान हलवली. त्याची मान म्हणजे हो की नाही ते जूनमध्येच समजते.

आता त्या पोराचं. टँकर मागू नको. तो त्याच्या हाताले लागला हाय, तुह्याकडं येऊन तोंड फिरवून बसन. अन जिंकलं म्हणून कोणाच्या जिवातलं उपटून आणायचं नाही. आपल्यावर तीच पाळी आली होती. पण रिकाम्या हातानंबी यायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी त्याले वाटन तू भिली. अंडं घे.

त्यातून जे निघन ते लहानसं असन. त्याले कोणी मारलं नसन, कोणी पणाले लावलं नसन, नाव ठेवलं नसन. ते नाव मी ठेवते. यावेळी मले ठेवू दे.

लग्नाआधी माहं नाव तानू होतं. गोजर तर मी इथी येऊन झाली, तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं तवा. माहेरचे सारे गेले, तानू म्हणणारं आता कोणी उरलं नाही. मलिहालेबी हे आत्ताच समजलं, लिहिता लिहिता माह्याकडं पाहून राह्यली. लिही बाई.

तानू लय पळायची. बोरीवर चढायची, फ्रॉक फाडून घ्यायची, धुऱ्याधुऱ्यानं नदीपर्यंत जायची. माय मागून हाका मारायची, तशी ती आणखीच पुढं जायची. तिले कामाचं काही समजत नव्हतं, मागं राहणं तर बिलकुलच नाही. तिले शिकवू नको फार. नुसती पळू दे.

गोजर शेवटी ठेव, तिथीच ती शोभते.

तानूले पहिली पात दे.

तुही आजी